उसन्या उत्तरांची वही

माझ्या घरमालकांना अपमान जमवायचा नाद होता. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. हे गृहस्थ जगातल्या मोठमोठ्या माणसांनी एकमेकांचे केलेले अपमान जमवत, आणि त्या प्रत्येक अपमानाला मिळालेलं बिनतोड उत्तरसुद्धा.

बी.ए. होऊन मी नागपूरहून वैनगंगेपलीकडच्या त्या तालुक्याच्या गावी इंग्रजीचा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा आमचा मुलूख नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, साहेब बदलत होते, आणि मी खोली शोधत होतो. कुणीतरी ‘भाऊंकडे विचारा’ म्हणालं. ओट्यावर एक उंच, काटकुळे, पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. कानावर टाक, बोटांना शाई, आणि मान अशी पुढे काढलेली की माणूस काहीतरी ऐकायला आतुर आहे असं वाटावं.

“लगन झालं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“इंग्रजी?”

“तेच शिकवतो शाळेत.”

“शिकवता ते ठीक हाये. येते का?”

माझा चेहरा पडला. भाऊंचा मात्र असा उजळला की जणू त्यांना लॉटरी लागली. त्यांनी मांडीखालून एक जाडजूड वही काढली, पान उलटलं, खूण पाहिली आणि घाईघाईनं म्हणाले, “राग नका मानू मास्तर. हे माझं नाई. फ्रान्सच्या एका सेनापतीनं लष्करी शाळेच्या मास्तराले म्हनलं होतं. सहा वर्सं झाली लिहून, मोकाच भेटत नव्हता. खोली तुमची. आजच्या आज या.”

अशी मला खोली मिळाली. अट एकच होती. इंग्रजी कागदांत सापडणाऱ्या हजरजबाबी उत्तरांचं मराठी करून द्यायचं.

भाऊ पेशानं अर्जनवीस. तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकून, पुढे बुटकं मेज घेऊन बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. मजकूर मात्र साष्टांग दंडवत घातलेला. ‘दीनदयाळ, न्यायमूर्ती, गरिबांचे मायबाप’ इथून सुरुवात व्हायची. हुजुरांच्या घराण्याला दीर्घायुष्य चिंतून झालं की हुजुरांच्या विद्वत्तेचं वर्णन. अर्जदाराची बुजलेली विहीर कधीतरी तिसऱ्या पानावर यायची. दिवसभर असं वाकून लिहिल्यावर संध्याकाळी ओट्यावर कंदील लावून ते वही उघडत आणि पाठ ताठ करून मोठ्यानं वाचत. कोण्या देशाचा पंतप्रधान भर सभेत विरोधकाला काय म्हणाला, कोण्या गवयानं राजाला काय सुनावलं. ते वाचताना त्यांचा आवाजच बदलायचा.

वहीत विभाग होते. ‘शरीरावरून’, ‘अकलेवरून’, ‘कुळावरून’, ‘धंद्यावरून’. ‘गाढव’ या शब्दाला स्वतंत्र पानं होती. ‘बायकोवरून’ असा एक मथळा होता, आणि त्याखाली फक्त लिहिलं होतं, ‘इथे लिहू नये. तिला वाचता येते.’

माल यायचा वाण्याकडून. नागपूरहून येणाऱ्या रद्दीत इंग्रजी मासिकं असत, आणि वाणी शेंगदाण्याच्या पुड्या त्यांतच बांधायचा. भाऊ पुडी सोडून आधी कागद पाहत, मग शेंगदाणे. पंचाईत अशी की पुडीचा कागद कुठंही फाटलेला असायचा. पुष्कळदा अपमान मिळायचा, पण उत्तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरी शेंगदाण्यांबरोबर गेलेलं असायचं. एकदा तर एका कादंबरीकाराला एका उमरावानं भर मेजवानीत काहीतरी फार लागेलसं विचारलं आणि तिथंच कागद संपला. भाऊ दोन दिवस नीट जेवले नाहीत.

“काय म्हनलं असन हो त्यानं?” ते सारखं विचारत.

शेवटी त्यांची दया येऊन मी एक उत्तर रचून दिलं. भाऊंनी ते दोनदा वाचलं, मान हलवली. “मास्तर, हा मानूस इंग्लंडचा नाई वाटत. नागपूरचा वाटते.”

भाऊंची बायको, आम्ही तिला बाई म्हणत असू, भाताचं आधण ठेवता ठेवता हे सगळं ऐकायची. बुटकी, ठसठशीत, कामाला वाघ. भाऊ एकदा वैतागून म्हणाले, “या घरात माझ्या बोलन्याले किंमतच नाई!”

चुलीपासून उत्तर आलं, “तुम्ही बोलता कुठी? वाचून दाखवता.”

मी हसू दाबलं. भाऊ मात्र वहीत गढलेले. “मास्तर, ‘घरच्यांनी किंमत न देणे’ यावर एका ग्रीक मानसाचं काही तरी होतं, कोन्या पानावर हाये पाहा बरं.” बाईचं एकही वाक्य त्या वहीत गेलं नाही. ती जगप्रसिद्ध नव्हती ना.

खरी अडचण निराळीच होती. उत्तरं तयार होती, पण गावात त्यांच्याजोगते अपमान कुणी करत नव्हतं. भाऊंना सगळे मानायचे. जो तो ‘भाऊ, जोहार’, ‘भाऊ, बसा जी’ करायचा. मग अपमान यायचा कुठून? त्यांच्या शेजारी कडुलिंबाखालीच दुसरा एक अर्जनवीस बसायचा, गोल चेहऱ्याचा, सुस्वभावी. भाऊंची सारी आशा त्याच्यावर. वहीत एका खासदाराचं एक उत्तर होतं. विरोधक म्हणाला, ‘तुमचं भाषण मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.’ खासदार म्हणाला, ‘मधे अडवायला काही नसलं म्हणजे तसंच होतं.’ हे वापरायचं म्हणून भाऊ त्या शेजाऱ्याला महिनाभर रोज दुपारी काहीबाही ऐकवत राहिले. एके दिवशी तो बिचारा कंटाळला.

“भाऊ, मी तुमचं आयकूनच नाई राह्यलो.”

भाऊ कासावीस झाले. “असं नाई ना! एका कानानं तरी आयकलं का नाई?”

“एकानंही नाई.”

“अरे बापा, एका कानानं आयक आन दुसऱ्यानं सोड! सोडलं का नाई, सांग!”

“भाऊ, तुम्हाले ऊन लागलं का?” तो काळजीनं म्हणाला, आणि आपल्या मडक्यातलं पाणी त्यांना पाजलं.

त्याहून मोठा प्रताप नाटकाचा. वहीत एका नाटककाराची गोष्ट होती. टीकाकार म्हणाला, ‘तुमच्या नाटकात मला झोप लागली.’ नाटककार उत्तरला, ‘बरं झालं. जागे असता तरी तुम्हाला कळलं नसतं.’ हे वाक्य भाऊंना इतकं आवडलं होतं की ते वापरण्यासाठी त्यांनी तीन अंकी नाटक लिहिलं. अगदी खरं सांगतो, दुसरं काही कारण नव्हतं. आमच्या झाडीपट्टीत हिवाळ्यात शंकरपट भरतात, दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. पटाच्या मंडळींना भाऊंनी गळ घातली आणि नाटक उभं राहिलं. राजा, प्रधान, विदूषक, दोन खून आणि एक भूत. नाटक भलतंच रंगलं. लोकांनी भुताला तीनदा परत बोलावलं. भाऊ मात्र कनातीच्या फटीतून सारखे प्रेक्षकांत डोकावून कुणी पेंगतंय का ते पाहत होते. रडकुंडीला आले होते. इतक्या लोकांत एकही माणूस झोपलेला दिसेना!

सकाळी चहाच्या हॉटेलात म्हातारे पाटील भेटले. कानानं जवळजवळ बहिरे. ते सहज म्हणाले, “भाऊ, रातच्याले तुमच्या नाटकात मले मस्त झोप लागली.”

भाऊ उभेच राहिले. हॉटेलातले सगळे थांबले. भाऊंनी टोपी सारखी केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “बरं झालं, पाटील. जागे असता तरी तुम्हाले समजलं नसतं.”

“काय म्हनता?”

“जागे असता तरी समजलं नसतं!”

“कोन समजावलं?”

तिसऱ्यांदा भाऊ इतके ओरडले की रस्त्यावरचा बैल बुजला. आता पाटलांना ऐकू आलं. त्यांनी शांतपणे मान डोलावली. “हाव भाऊ, खरं हाये. मले कानानं काहीच समजत नाई. म्हनून तं झोपलो. पन तुमच्या मांडवातली सतरंजी लय ऊबदार होती, देव तुमचं भलं करो.” आणि त्यांनी भाऊंचा चहा सांगितला.

त्यानंतर आठ-दहा दिवस वही उघडली गेली नाही.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं सांगतो आहे त्या दिवसाकडे येतो. धानोऱ्याच्या रस्त्यावर, जंगलात आत, गोंडांचं एक लहानसं गाव होतं. तिथली एक म्हातारी भाऊंकडे अर्ज लिहायला यायची. विधवा, घरात ती आणि तिची सून. पोटापुरती एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. त्या वर्षी जंगलाची हद्द नव्यानं आखताना खुणेचा दगडांचा मुनारा तिच्या शेताच्या अलीकडे रचला गेला आणि बांधी जंगलात गेली. गार्डानं सांगितलं, पुढच्या सालापासून पेरायचं नाही. म्हातारी वीस मैल चालत यायची, कडुलिंबाखाली बसायची, भाऊंशी गोंडीत चार शब्द बोलायची, अंगठा उठवायची आणि परत जायची. भाऊ गोंडी अस्सल बोलत. त्यांनी तिच्याकडून काही घेतलं नाही, उलट घरून भाकर मागवून तिला खाऊ घातली. अर्जावर मात्र जीव तोडून मेहनत केली. सात पानांचा अर्ज झाला.

हरकती ऐकायला जंगल खात्याचे मोठे साहेब स्वतः जागेवर येणार असं कळलं. साहेब मुंबईकडून नवेच बदलून आलेले. भाऊंनी मला सोबत चला म्हटलं. “साहेब इंग्रजीत बोलला तं तुम्ही पाहा. मराठीत बोलला तं मी पाहातो.”

“आणि रागावला तर?”

“तं दोघंही मान खाली घालून जमीन पाहू.”

बैलगाडीनं आम्ही आदल्या रात्रीच निघालो. शेतावर पोचलो तेव्हा साहेब एका मोठ्या मोहाच्या झाडाच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसले होते. पुढे टेबल, बाजूला गार्ड आणि तहसिलीतले दोन चपराशी. गावकरी उकिडवे बसलेले. म्हातारी सगळ्यांच्या पुढे, हातात काठी. साहेबांनी अर्ज उघडला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, पुढची नुसतीच उलटली. मग सातही पानं टेबलावर आपटली.

“हा अर्ज कोणत्या गाढवानं लिहिला?”

चपराशी भाऊंना ओळखत होते. गार्डही ओळखत होता. वहीची कीर्ती धानोऱ्यापर्यंत गेली होती. सगळ्यांच्या माना एकदम भाऊंकडे वळल्या.  गाढवाच्या पानांवर अकरा उत्तरं होती. त्यांतली चार मी स्वतः भाषांतर केली होती. एक तर असं जहरी होतं की ऐकणाऱ्याला आयुष्यभर आरशात पाहवू नये. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो अपमान, मोठ्या साहेबाच्या तोंडून, भरल्या सभेत, शब्दाला शब्द बरोबर, भाऊंच्या पुढ्यात येऊन उभा राहिला होता.

 भाऊंनी एकदा म्हातारीकडे पाहिलं. मग टोपी काढून हातात घेतली.

“मी लिहिला, हुजूर.”

“सात पानं! त्यांतली सहा माझ्या स्तुतीची. मला भेटण्याआधीच तुम्ही मला देवमाणूस ठरवलंत. या बाईचं म्हणणं काय आहे ते कुठं आहे?”

“चूक माझी हाये, हुजूर. अर्ज तिचा हाये. तिलेच इचारा. मी गोंडीतून सांगतो.”

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. “विचारा. जमिनीचा कागद आहे का?”

भाऊंनी विचारलं. म्हातारीनं मान हलवली.

“नाई म्हनते, हुजूर.”

“मग जमीन हिची कशावरून?”

भाऊंनी तेही विचारलं.  म्हातारीनं काठी उचलून साहेबांच्या खुर्चीमागे, मोहाच्या बुंध्याकडे दाखवली, आणि ती सावकाश बोलली. भाऊ ऐकत होते. 

“काय म्हणते?”

“ती म्हनते, हुजूर...” भाऊंनी बुंध्याकडे बोट केलं.  “या मोहाखाली माझी सासू पुरली हाये. तिच्या बाजूले माझा नवरा. तिकडच्या धुऱ्यावर माझा लेक, दोन सालं झाली. आन ती इचारून राह्यली...”

“काय विचारते?”

“इचारते का, सरकारचं इथी कोन पुरलं हाये?”

  साहेब हळूहळू खुर्चीवरून उठले आणि आपण कुठं बसलो होतो ते पाहिलं. बुंध्याशी दोन उभे दगड होते, गवतात अर्धे झाकलेले. त्यांच्यातल्या एकाला टेकूनच त्यांची खुर्ची मांडली होती. त्यांनी चपराशाला खूण केली. खुर्ची, टेबल उन्हात नेलं गेलं. साहेब स्वतः धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, चालत गेले, तिसरा दगड पाहिला, परत आले, आणि उन्हात बसून लिहायला लागले. मुनारा मोहाच्या पलीकडे सरकवावा. बांधी जंगलाबाहेर.

कागद भाऊंच्या हातात देताना ते म्हणाले, “हे तुम्ही अर्जात का नाही लिहिलंत?”

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. भाऊंनी कागदाची घडी करून ती म्हातारीच्या हातात दिली.

परतताना निम्मी वाट संपली. मला राहवेना. मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही गप्प राहिलात हे फार मोठं केलंत. मला तर वाटलं, आता सुटतंय अकरापैकी एखादं.”

“सुटतच होतं जी. अकराही एकदम आले व्हते तोंडात. मंग म्हनलं, मी बोलन आन हिची बांधी जाईन. म्हनून गिळलं. आन खोटं काऊन बोलू, गिळल्यावर स्वतःले मोठा समजून राह्यलो होतो.” त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. “मंग त्यानं ते शेवटचं इचारलं.”

नाला आला. गाडीवानानं बैलांना पाणी दाखवलं. भाऊ खाली उतरून काठावर बसले.

“तीन खेपा आली ते माझ्याकडे, मास्तर. वीस मैल यायचे, वीस जायचे. मी तिले नाव इचारलं, गाव इचारलं, बापाचं नाव इचारलं, भाकर खातं का इचारलं. तुझं म्हननं काय हाये, हे इचारलंच नाई. मले वाटलं, ते मलेच जास्त माहीत हाये.”

आणि एकाएकी ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गाडीवान घाबरून माझ्याकडे पाहू लागला.

“गाढवानंच लिहिला ना मंग!” भाऊ कसेबसे म्हणाले. “साहेब काय खोटं बोलला? मी उगाच रागावून राह्यलो होतो!”

मी पुढे दीड वर्ष त्या गावात होतो. नंतर चांद्याला बदली झाली. त्या दीड वर्षात भाऊंची मिळकत कमी झाली, कारण एकेका अर्जाला दुपार लागायला लागली. घाईचे लोक शेजारच्या गोल चेहऱ्याच्या अर्जनविसाकडे जायचे. बाई कुरकुरायची. “आधी ते वाचून दाखवत, आता इचारून जीव खाते.” बदलीचा कागद घ्यायला मी कचेरीत गेलो त्या दिवशी मूल गावाकडचा एक शेतकरी कडुलिंबाखालून उठून येताना दिसला. त्याचा बैल चोरीला गेला होता. हातात जेमतेम अर्ध्या पानाचा अर्ज होता आणि तो डोळे पुसत होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय सांगू गुरुजी,” तो म्हणाला, “अर्ज द्याले आलो, तं भाऊ इचारते, बैलाचा स्वभाव कसा होता.”

“मग?”

“मंग काय जी. रागच आला पहिले. मंग सांगत बसलो.”